भाचा वेल्डर म्हणून दुबईला निघालाय, कागद बघून सांगा (सांगली)

हळदगंध | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं पाककृती आणि द्राक्षाच्या भावावरच लिहिते, आज जरा घाईचं काम आहे.

थोरल्या बहिणीचा धाकटा पोरगा, वय २३. गाव कवठेमहांकाळजवळ. दहावी, मग सांगलीच्या आयटीआयमधनं वेल्डर ट्रेड. तीन वर्षं झाली, कुपवाड एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये आहे. हातात साडेचौदा हजार पडतात. गेल्या आठवड्यात मिरजेतल्या एका एजंटानं दुबईच्या कंपनीचं पत्र व्हॉट्सॲपवर पाठवलं. त्यातलं जसंच्या तसं उतरवते:

बेसिक ८०० दिरहम, खाणं ३००, इतर भत्ता ११००, एकूण २२००. ड्यूटी रोज १० तास, आठवड्याला एक सुट्टी. राहणं कंपनीचं. करार दोन वर्षांचा.

एजंट म्हणतो, आधी व्हिजिट व्हिसावर जायचं, तिथं महिन्याभरात व्हिसा बदलून मिळतो. खर्च १ लाख ६० हजार, त्यातले ४० हजार शुक्रवारच्या आत. पासपोर्ट त्यानं "प्रोसेसिंगला" ठेवून घेतलाय. दाजी म्हशी विकायच्या गोष्टी करायला लागलेत. मला पत्रातलं काही खटकत नाही आणि सगळंच खटकतंय. कुणी जाऊन आलेलं आहे का?

कुपवाडी_टिग | सोमवार, रात्री १०.०५

ताई, पहिल्यांदा उद्या सकाळी जाऊन पासपोर्ट घेऊन या. बाकी सगळं नंतर बोलू. झेरॉक्स पुरते त्याला.

मी शारजात सहा वर्षं काढली. पहिल्या खेपेला व्हिजिटवरच गेलो होतो, म्हणून सांगतोय. व्हिजिटवर काम करणं तिथं गुन्हा हाय. साइटवर तपासणी आली की आम्हाला मागच्या गेटनं बाहेर काढून बसमध्ये बसवायचे, दोन-दोन तास एसी बंद. पगार अडकला तर तक्रार कुठं करणार? कागदावर आपण तिथं फिरायला आलेलो असतो. अडीच महिन्यांचा पगार बुडवून आलो. दुसऱ्या खेपेला सरळ नोकरीच्या व्हिसावर गेलो आणि पाच वर्षं कुणी बोट लावलं नाही.

अजून एक. पोरगं टिग (गॅसवालं बारीक वेल्डिंग) मारतं का नुसतं आर्क (साधं काडीचं)? पाइपला ६जी टेस्ट (तिरपा पाइप जागेवर ठेवून जोडायची) पास होत असंल तर २२०० मध्ये जायचं काम नाही, आणि होत नसंल तर आणखी सहा महिने कुपवाडातच हात बसवा म्हणावं. तिथं ट्रेड टेस्टला एक्सरे काढून बघतात, नारळ फोडून नाही.

गप्पिष्ट | सोमवार, रात्री १०.२०

म्हशी विकू नका, दूध चालू असतंय. एवढंच.

अपशिंगकर | मंगळवार, सकाळी ६.१०

जय हिंद. साताऱ्याकडचा आहे, फौजेतून रिटायर झाल्यावर कतारला सिक्युरिटीत तीन वर्षं होतो. आमच्याकडे तोंडी ऑर्डर चालत नव्हती, परदेशच्या नोकरीतही चालवू नका.

भारताच्या बाजूचे नियम आधी समजून घ्या, कारण एजंट इथं आहे, दुबईत नाही. आपला कायदा १९८३ चा, एमिग्रेशन ॲक्ट. परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करणाऱ्या एजंटाकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते. ती ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही बघता येते. नोंदणी असलेल्या एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० घेता येतात, तेही पावती देऊन. १ लाख ६० हजार हा आकडा कुठल्या नियमात बसतो ते त्यालाच विचारा.

पोरगा दहावी पास आहे, म्हणजे पासपोर्ट ईसीएनआर, म्हणजे चेक न लागणारा, असणार. पासपोर्टवर एमिग्रेशन चेकचा शिक्का नसेल तर तो ईसीएनआरच. ज्यांचा ईसीआर, म्हणजे शिक्क्याचा, आहे त्यांना अमिराती, सौदी, कतार, कुवेत, ओमान, मलेशिया धरून १८ देशांत नोकरीला जाताना प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची परवानगी लागते आणि १० लाखांचा प्रवासी भारतीय विमाही सक्तीचा असतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. भाच्याला परवानगी लागत नाही, आणि एजंट नेमका त्याचाच फायदा घेतो. ईसीआरवाल्याचा करार सरकारी नजरेखालून जातो, ईसीएनआरवाल्याचा नाही. दहावी पास पोरगा जास्त मोकळा, म्हणून जास्त फसतो.

हळदगंध | मंगळवार, दुपारी १.१५

पासपोर्ट आणला. हे त्याच्या ऑफिसात गेले होते. आधी "साहेब मुंबईला गेलेत", मग "एम्बसीत जमा आहे", आणि ह्यांनी खुर्ची ओढून बसकण मारल्यावर टेबलाच्या खणातनं निघाला. एका रबर बँडमध्ये आणखी वीसेक पासपोर्ट होते म्हणे.

नोंदणी क्रमांक विचारला तर म्हणाला, "मी सबएजंट, नंबर मुंबईच्या पार्टीचा." मुंबईच्या पार्टीचं नाव सांगितलं नाही.

पण बहीण ऐकत नाही. तिचं म्हणणं, गावातली चार पोरं गेली, सगळ्यांनीच लाख-दीड लाख दिले.

विटेकर | मंगळवार, दुपारी २.३०

सगळेच एजंट चोर अशी हवा करू नका. माझा मेहुणा २०१५ ला व्हिजिटवरच गेला, आज फोरमन आहे, विट्यात दोन मजली घर बांधलं. आपल्या खानापूर-आटपाडीची माणसं गलाईच्या, सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यासाठी कुठं कुठं गेली, ती काय नियम वाचून गेली का? एका मामानं दुसऱ्या भाच्याला नेलं, बस्स. धाडस लागतं.

दिरहमवाला | मंगळवार, रात्री ११.५०

मूळचा विश्रामबागचा, बारा वर्षं दुबईत, कंपनीत एचआरचं काम. म्हणजे टेबलाच्या त्या बाजूला बसतो. मला राहवलं नाही म्हणून लिहितोय, लांबेल.

विटेकर, गलाईवाले मामाच्या भरवशावर कोइमतूरला किंवा कोलकात्याला गेले, तरी देश आपलाच होता. नाही जमलं तर पुढच्या गाडीनं मिरजेला परत येता येतं. इथं माणसाचं राहणंच त्याच्या मालकाच्या कागदावर उभं असतं. तुमच्या मेहुण्याचं भलं झालं, आनंद आहे. व्हिजिटवर येऊन स्वतः नोकरी शोधणं वेगळं आणि व्हिजिटवर येऊन कामाला लागणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात २०२४ च्या दुरुस्तीनंतर मालकाला एक लाख ते दहा लाख दिरहम दंड आहे. इतका दंड डोक्यावर घेऊन जो मालक माणूस ठेवतो, तो पगाराच्या बाबतीत कायदा पाळेल हे कुणी कसं धरायचं?

आता ताईंच्या पत्राकडे. हा कंपनीच्या लेटरहेडवरचा कागद म्हणजे ऑफर लेटर नव्हे. इथली खरी ऑफर मोहरे, म्हणजे कामगार मंत्रालयाच्या यंत्रणेतून निघते. तिच्यावर क्रमांक असतो, तो मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकून तपासता येतो. अरबी आणि इंग्रजीबरोबर तिसरी भाषा मागता येते. मराठी नाही, हिंदी आहे. उमेदवारानं सही केली की पुढे वर्क परमिट, मग नोकरीचा एंट्री परमिट, आणि इथं उतरल्यावर मेडिकल, एमिरेट्स आयडी. शेवटी जो करार होतो त्यात ऑफरपेक्षा कमी काही घालता येत नाही, जास्त दिलं तर चालतं. म्हणून सहीच्या आधी क्रमांक मागा. क्रमांक नसेल तर त्या पत्रात वडापाव बांधा.

आणि भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायला इथं बंदी आहे, सरळसुद्धा नाही आणि आडमार्गानंसुद्धा नाही. २०२१ चा ३३ क्रमांकाचा कायदा, फेब्रुवारी २०२२ पासून लागू. व्हिसा, परमिट, सगळं मालकाचं. माझी कंपनी हा खर्च आपल्या खिशातून भरते आणि तरी मुंबईतनं आलेली पोरं सांगतात, आम्ही एक लाख दिले. म्हणजे त्याच व्हिसाचे पैसे दोनदा वसूल होतात. मधला कोण खातो ते तुम्हीच ओळखा.

पण मला सगळ्यात खुपलं ते बेसिक. एकूण २२०० बघून सगळे खूश होतात, बेसिक ८०० कुणी बघत नाही. इथं ओव्हरटाइम बेसिकवर, ग्रॅच्युइटी बेसिकवर, शिल्लक रजेचे पैसे बेसिकवर. हिशेब करू.

कायद्यानं दिवस ८ तासांचा, आठवडा ४८ चा. वरच्या तासाला बेसिकच्या दरावर २५ टक्के जास्त, रात्री १० ते पहाटे ४ मध्ये ५० टक्के. बेसिक ८०० असेल तर तासाचा दर ३.३३, ओव्हरटाइमचा ४.१७ दिरहम. तेच बेसिक १५०० असतं तर ७.८१. रोज दोन तास, महिन्याचे २६ दिवस धरले तर २१७ आणि ४०६ इतका फरक पडतो. आणि हा फरकसुद्धा मिळाला तर. पत्रात "ड्यूटी १० तास" लिहिलंय, म्हणजे ते दोन तास २२०० मध्येच गिळायचा बेत दिसतो. मला विचाराल तर ही एकच ओळ सगळं पत्र फाडायला पुरेशी आहे.

ग्रॅच्युइटी वर्ष पूर्ण झाल्यावर लागते. पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचं बेसिक. ८०० वर दोन वर्षांचे ११२० दिरहम, १५०० वर २१००. नोकरी गेल्यावरचा विमा असतो, बेसिक १६ हजारांपर्यंत असेल तर महिन्याला ५ दिरहम. तो मात्र कामगारानं स्वतः काढायचा, नाही काढला तर ४०० दिरहम दंड. बारा महिने हप्ते भरलेले असले तर तीन महिन्यांपर्यंत ६० टक्के मिळतात. कशाचे? पुन्हा बेसिकचेच.

अमिरातीत सरसकट किमान वेतनाचा कायदा नाही, त्यामुळे ८०० लिहिणं बेकायदा नाही. म्हणूनच सही करण्याआधी भांडायचं.

कुपवाडी_टिग | बुधवार, सकाळी ७.००

दिरहमवाले साहेब, हे मला दहा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर... माझं बेसिक ६०० होतं. निघताना हिशेबाचा कागद बघून वाटलं क्लार्कनं शून्य खाल्लं.

उन्हाळ्याचं सांगायचं राहिलं. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम बंद ठेवायचा नियम हाय. हा पाळतात, दंडाच्या भीतीनं का होईना. शेडमधलं काम ह्यात येत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये टिग मारताना काय होतंय ते मी सांगत नाही, दाजी तेवढ्यावरनंच नको म्हणतील.

मिरजेची_सिस्टर | बुधवार, दुपारी ४.२५

आखाताचं चाललंय तिथं जर्मनीचं घुसवते. मिरजेत नर्सिंग केलं, आता दक्षिण जर्मनीत. बी२ पर्यंत जर्मन शिकले, मग आपल्या डिप्लोम्याची मान्यता. त्यांनी आमच्या अभ्यासक्रमात काय कमी आहे त्याचं पत्र दिलं, ते भरून काढेपर्यंत मी मदतनीस म्हणून काम केलं. पंधरा वर्षांचा अनुभव असलेली बाई, बेडपॅन उचलत होते. मान गेला नाही, पण सवय व्हायला वेळ लागला.

नियम मात्र घड्याळासारखे. आजारी पडले तर सहा आठवडे पूर्ण पगार मालक देतो, नोकरीला चार आठवडे झालेले असले की. पाच दिवसांच्या आठवड्याला कमीत कमी २० दिवस रजा. सहा महिने प्रोबेशन, त्यात दोन आठवड्यांची नोटीस. किमान वेतन २०२५ मध्ये तासाला १२.८२ युरो, २०२६ पासून १३.९०.

भाच्याला सांगा, वेल्डरला इथं मागणी आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगारांचा करार केला तो ऐकला असेलच. पण त्या बातमीवर नोकरी सोडून बसू नका. संध्याकाळी भाषेचा क्लास लावा, दिवसा कुपवाड चालू ठेवा. दीड लाख घालायचेच तर जर्मनमध्ये घाला. ते पैसे कुणी पळवून नेत नाही.

विटेकर | बुधवार, संध्याकाळी ६.१०

आयटीआयच्या पोराला जर्मन? मराठीत अर्ज लिहिताना घाम फुटतोय.

मिरजेची_सिस्टर | बुधवार, संध्याकाळी ६.३२

माझ्या वर्गात बी१ पहिल्या फटक्यात पास झालेला मुलगा जतचा होता, गवंड्याचा. डेर-डी-दासला घाबरायचं कारण नाही, आपल्याकडे तो-ती-ते आहेच की.

पॅनमन_वाळवा | बुधवार, रात्री १०.१५

आपल्या भागातले साखर कारखान्याचे लोक आफ्रिकेत किती आहेत हे कुणी लिहीतच नाही. मी पश्चिम केनियात कारखान्यावर चीफ केमिस्ट होतो. ताईंच्या प्रश्नाला थेट उत्तर नाही, पण परदेशात नोकरी करणं आणि परदेशात माणसं ठेवणं ह्या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, आणि मी दुसरीत नापास झालो, म्हणून लिहितो.

कामाचा परवाना डी वर्गाचा, तो मालकानंच काढायचा. ह्या कामाला इथला माणूस का मिळत नाही ते पटवून द्यावं लागतं. माझ्या हाताखाली एक स्थानिक पोरगा शिकायला दिला होता, हुशार होता, दोन वर्षांत पॅन (साखरेचा रस शिजवायचं भांडं) माझ्यापेक्षा बरा बॉइल करायचा.

भानगड झाली दुसऱ्याच एकाची. लॅबमधला एक जण सारखा उशिरा यायचा. एक दिवस मी आपल्या पद्धतीनं म्हणालो, "उद्यापासून येऊ नको." आपल्याकडे सीझनच्या माणसाला आपण असंच बोलतो, तो चार दिवसांनी परत येतो, चहा होतो, विषय संपतो. तिथं तो परत आला तो पत्र घेऊन. केनियाचा कायदा २००७ चा. कामावरून काढायचं तर आधी कारण सांगायचं, त्याला समजेल अशा भाषेत. त्या वेळी त्याच्याबरोबर सहकारी किंवा युनियनचा प्रतिनिधी हवा, आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं. हे न करता काढलं तर कोर्ट बारा महिन्यांच्या पगारापर्यंत भरपाई लावू शकतं. आमच्या एचआरच्या बाईनं मला खोलीत बसवून तासभर हे समजावलं. इतक्या शांतपणे समजावलं की लाज वाटली. त्याला परत घेतलं. मग रीतसर मेमो, सुनावणी, सगळं झालं, आणि गंमत म्हणजे सुनावणीत कळलं की त्याच्या गावाकडची बस बंद झाली होती. शिफ्ट बदलून दिली, प्रश्न मिटला.

रजा वर्षाला २१ कामाचे दिवस. मी सगळ्या गळितानंतर एकदम घ्यायचो आणि ऐन मे महिन्यात वाळव्यात येऊन घामाघूम व्हायचो.

भट्टीवाला | गुरुवार, सकाळी ११.०५

धागा वाचून भीती वाटली. माझं मिरज एमआयडीसीत छोटं युनिट आहे. मशीन जर्मनीला जातंय, उभारणीला आमचीच दोन माणसं तीन महिन्यांसाठी पाठवायची आहेत. तिथं त्यांचा पीएफसारखा काही पैसा कापतात का?

दिरहमवाला | गुरुवार, दुपारी १२.४०

भारत-जर्मनीचा सामाजिक सुरक्षा करार आहे, २०१७ पासून. तुमच्याच पगारावर राहून तात्पुरती जाणारी माणसं असतील तर ईपीएफओकडून सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज काढा, तिथं पेन्शनचे पैसे दुहेरी कापले जात नाहीत. व्हिसाचं वेगळं आहे, "बिझनेस मीटिंग" दाखवून पान्हे हातात घ्यायला लावू नका. तिथली पार्टी आणि दूतावास दोघांना आधी विचारा. वेगळा धागा काढलात तर बरं, इथं ताईंचं काम अर्धं राहिलंय.

हळदगंध | शुक्रवार, रात्री ८.५५

सगळ्यांना आधी दंडवत. आज शुक्रवार, ४० हजार दिले नाहीत.

दिरहमवाले भाऊंचा हिशेब मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून बहिणीला दाखवला. तिनं सगळं ऐकून एकच विचारलं, "म्हणजे वर्षाची ग्रॅच्युइटी आठशेच्या हिशेबानं पाचशे साठ दिरहम, आणि एजंटाला दीड लाख?" दाजी काही बोलले नाहीत, गोठ्यात गेले.

एजंटाला फोन करून मोहरेच्या ऑफरचा क्रमांक मागितला. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही फार गुगल करता." मग म्हणाला, तुमच्या पोराची जागा दुसऱ्याला दिली. त्या गावातल्या चार पोरांपैकी एकाच्या आईशी बोलले. तो पाच महिने झाले तरी व्हिजिटवरच आहे, दोनदा सीमेबाहेर जाऊन आलाय. तिला ते "ट्रिप" वाटत होतं.

भाच्यानं स्वतःच ई-मायग्रेटवर मुंबईतला नोंदणी असलेला एजंट शोधला. रविवारी तिथं ट्रेड टेस्ट आहे. टिग येतं त्याला, पाइपवर चार महिने झाले करतोय. शॉपच्या मालकांना खरं सांगून सुट्टी मागितली, त्यांनी दिली आणि वर दोन फिलर रॉडची पाकिटं सरावाला दिली.

तिथं काय काय विचारायचं?

कुपवाडी_टिग | शुक्रवार, रात्री ९.२०

ताई, टेस्टच्या आधी पाइपचा गॅप स्वतः मोजून घ्यायला सांगा, दुसऱ्यानं लावलेल्यावर भरवसा नको. शूज स्वतःचे. आणि पासपोर्ट दाखवायचा, ठेवायचा नाही. तो भारत सरकारच्या मालकीचा असतोय.

दिरहमवाला | शुक्रवार, रात्री ९.४५

बेसिक किती, ८ तासांच्या वरचा दर कुठं लिहिलाय, प्रोबेशन किती. प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त असूच शकत नाही, आणि त्यातसुद्धा काढायचं तर १४ दिवसांची लेखी नोटीस. त्यानंच सोडून भारतात यायचं ठरवलं तर त्यानंही १४ दिवस द्यायचे, न सांगता निघू नये, नाहीतर वर्षभर परमिट मिळत नाही. तीस हजारांची पावती. आखातात जाण्याआधीच्या मेडिकलचे (पूर्वी गामका म्हणायचे) पैसे वेगळे मागतील, त्याचीही पावती घ्या.

अपशिंगकर | शनिवार, सकाळी ५.५०

सगळ्या कागदांचे फोटो आईच्या फोनवर. त्याच्या फोनवर नाही.

हळदगंध | सोमवार, रात्री १०.३०

टेस्ट झाली, रूट (वेल्डिंगचा पहिला थर) बरा बसला म्हणे, निकाल आठवड्यात. कंपनीनं एकूण १९०० सांगितलेत, आधीपेक्षा तीनशेनं कमी, पण बेसिक १३००, ओव्हरटाइम वेगळा, खाणं कंपनीच्या मेसमध्ये. पास झाला तर ऑफर मोहरेची येणार, हिंदीतूनही मागितलीय. गावात आत्ताच बोलायला लागलेत, बावीसशेचं सोडून एकोणीसशेला चाललाय म्हणून.

पोरगं आता महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये आहे, सकाळी सांगलीत उतरेल. कागद हातात आला की इथं टाकते. विटेकर, तुमच्या मेहुण्याचं बेसिक किती आहे ते जरा विचारून सांगा.

विटेकर | सोमवार, रात्री ११.१०

विचारलं. सांगत नाही म्हणतोय.